झाकण उघडा, मग भंगार म्हणा

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्याकडे एक नवी रीत पडली आहे. वस्तू बिघडली की ती उघडून बघायच्या आधीच तिची भंगारातली किंमत काढायची. पंखा आवाज करतो, नवा आणा. मिक्सर फिरत नाही, नवा आणा. इथपर्यंत मी काही बोललो नाही. पंखा हजार-दोन हजारांचा असतो, गेला तर गेला. पण हीच रीत आता ट्रॅक्टरला लागली आहे, आणि ट्रॅक्टर काही खिशातल्या पैशाने येत नाही. तो दारात येतो तेव्हा सातबाऱ्यावर बोजा घेऊन येतो. म्हणून हे लिहायला बसलो. मी दहावी शिकलेला माणूस. यंत्राचं शास्त्र मला पुस्तकातून आलेलं नाही. पण बार्शी भागातल्या काळ्या रानात एकच ट्रॅक्टर आमच्या घराने सत्तेचाळीस वर्षं चालवला, तेवढ्या हक्काने बोलतो.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी झेटर २५११. पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा. आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९७८ साली भूविकास बँकेचं कर्ज काढून आणि एक बैलजोडी विकून घेतलेला. एचएमटी ही सरकारी कंपनी. हरियाणातल्या पिंजोरला १९७१ साली तिने ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, ती चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन. म्हणून आमच्याकडे कोणी त्याला एचएमटी म्हणत नाही, झेटरच म्हणतात. २०१६ साली केंद्र सरकारने कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे आमच्या ट्रॅक्टरला आता माहेर उरलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याचा तिसरा गिअर सुटायला लागला. मोकळा चालला की काही नाही. नांगर जमिनीत गेला, जोर आला, की खट्‌ आवाज करून गिअर आपोआप बाहेर. पुढं पुढं गिअरबॉक्समधून घरघर यायला लागली. तालुक्याच्या गावी एका मोठ्या गॅरेजात दाखवला. तिथल्या माणसाने ट्रॅक्टरवर चढून एक चक्कर मारली, खाली उतरला आणि नव्वद हजार सांगितले. झाकणाचा एक बोल्टसुद्धा ढिला केला नाही. वर म्हणाला, "काका, कशाला एवढा खर्च करता? एक्स्चेंजला द्या. ह्यात आता राम राहिलेला नाही."

घरातही तेच सुरू झालं. पुतण्या म्हणाला, "तात्या, लोक हसतात आपल्याला. कर्ज मंजूर होतंय, शोरूमवाला सगळे कागद करून देतोय." कागद करून देतोय यात मोठा उपकार वाटतो पोरांना. फेडणारा कोण, हे त्या कागदावर बारीक अक्षरात असतं.

मी त्याला म्हणालो, बस, आधी हिशेब करू. आम्हा तिघा भावांची मिळून चौदा एकर. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, ट्रॅक्टर तेवढा सामाईक राहिला. नवा घ्यायचा तर साडेपाच लाखांचं कर्ज, पाच वर्षांची फेड. सहामाही हप्ता पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे वर्षाला दीड लाख. चौदा एकरांवर वाटला तर एकरी साडेदहा हजारांच्या वर. त्यात डिझेल नाही, विमा नाही, सर्व्हिसिंग नाही. आता हेच सगळं काम भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेतलं, नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी सगळं धरून, तरी आमच्याकडे एकरी त्याच्यापेक्षा कमी लागतं. म्हणजे स्वतःचा नवा ट्रॅक्टर घेऊन आम्ही भाड्यापेक्षा महाग नांगरणार, आणि वर गावात मिशीला पीळ देणार.

कृषी अभियांत्रिकीवाले ट्रॅक्टरचा हिशेब मांडतात तेव्हा वर्षाला हजार तास काम आणि दहा वर्षं आयुष्य धरतात. हजार तास! आमच्या चौदा एकरांत वर्षाला अडीच-तीनशे तास भरले तरी पुष्कळ. आणि आम्ही तर तालेवार म्हणायचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहितीचं खातं १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकर. सव्वातीन एकरवाल्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहतो तेव्हा तो काम थोडं करतो आणि व्याज जास्त ओढतो. अशा घराला जुना, कर्ज फिटलेला, घरच्या माणसाला कळणारा ट्रॅक्टर हीच खरी श्रीमंती आहे. तो दिवसभर उभा राहिला तरी काही मागत नाही.

आता गिअरबॉक्स उघडल्यावर काय निघालं ते सांगतो, कारण माझं सगळं भांडण त्या झाकणापाशी आहे.

आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर एक मिस्त्री आहेत. वय माझ्याएवढंच. त्यांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते ऑईल काढायचं. खालचा बोल्ट सोडला, ऑईल घमेल्यात घेतलं, दोन बोटांत चोळलं आणि उन्हात धरलं. "तात्या, हे बघा." ऑईलात बारीक चकाकणारा कीस होता. म्हणजे आत लोखंड लोखंडाला खातंय. पण मोठा तुकडा एकही नव्हता, म्हणजे दात तुटलेला नाही. रंग दुधासारखा पांढरट झालेला नव्हता, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. झाकण न उघडता, एक रुपया न घेता, अर्धं निदान तिथंच झालं. वैद्याने नाडी धरावी तसं. नव्वद हजार सांगणाऱ्याने हे केलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?

मग वरचं झाकण काढलं. गिअर सुटतो म्हणजे काय होतं, ते शेतकऱ्याने एकदा तरी डोळ्यांनी बघावं. जुन्या ट्रॅक्टरात गिअरचं चाक शाफ्टवर सरकतं आणि दुसऱ्या चाकाच्या दातांत जाऊन बसतं. त्याला सरकवणारा एक फोर्क असतो, चिमट्यासारखा. फोर्क ज्या दांड्यावर बसतो त्या दांड्याला खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली एक गोळी त्या खाचेत बसून गिअर जागेवर धरते. आता चार गोष्टी झिजतात. दातांची तोंडं झिजून निमुळती होतात, मग जोर आला की दात एकमेकांना बाहेर ढकलतात. फोर्क झिजला की चाक पुरतं आत जात नाही. स्प्रिंग मेली की गोळी खाच सोडते. आणि बेअरिंग ढिलं झालं की सगळा शाफ्टच मागंपुढं हलतो. आमच्यात या चारही गोष्टी थोड्याथोड्या झालेल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांत माणसाचेही गुडघे जातात.

पुष्कळ जण इथं काय करतात? गिअरच्या दांड्याला जुन्या ट्यूबचा पट्टा बांधतात आणि तो सीटला ओढून ठेवतात, म्हणजे गिअर सुटू नये. मी अशी निम्मी गावं बघितली आहेत. पट्ट्याने गिअर सुटत नाही, पण फोर्क सारखा चाकावर दाबून राहतो आणि उरलेला झिजून जातो. मग जे काम चार हजारांत झालं असतं ते चाळीसवर जातं, आणि मग शोरूमवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. तेव्हा सगळा दोष विकणाऱ्याचा नाही. आपणही ट्रॅक्टरला बैलाएवढं बघत नाही. बैल लंगडला तर त्या दिवशी जू ठेवत नव्हतो आपण त्याच्या मानेवर.

बेअरिंग काढायचं म्हणजे ट्रॅक्टर मधोमध सुटा करावा लागतो. लिंबाखाली लाकडी ठोकळे लावून, जॅक देऊन, पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळा केला. दोन भाऊ, दोन पुतणे, मी आणि मिस्त्री. वाटण्या झाल्यापासून आम्ही भाऊ एवढा वेळ एका सावलीत बसलो नव्हतो.

बेअरिंगची एक गंमत मला मिस्त्रींनी शिकवली, ती वाचणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावी. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो. समजा ६३०८. त्यातले शेवटचे दोन आकडे घ्यायचे, पाचने गुणायचे, आठ पंचे चाळीस. म्हणजे आतलं भोक चाळीस मिलिमीटरचं. हा नंबर सगळ्या जगात एकच. कंपनी कुठलीही असो, सोलापूरच्या दुकानात मागा नाहीतर परदेशात मागा, त्या नंबराचं बेअरिंग त्याच मापाचं मिळणार. म्हणून आमची कंपनी बंद पडली तरी आमची बेअरिंगं बंद पडली नाहीत. ज्यांनी हा नंबर सगळ्यांसाठी एक केला त्यांनी शेतकऱ्यावर किती उपकार केले, हे शेतकऱ्याला ठाऊकही नाही.

नवीन बेअरिंग शाफ्टवर हातोड्याने ठोकायचं नसतं. कढईत ऑईल तापवून त्यात ठेवायचं, ते गरम होऊन थोडं फुगतं आणि हाताच्या दाबाने जागेवर जातं, थंड झालं की घट्ट बसतं. फोर्कची झीज लेथवाल्या चाचांनी पितळ भरून आणि मापात घासून काढून दिली. पॅकिंगचा कागद मिस्त्रींनी झाकणावर ठेवून हातोडीने हलके हलके ठोकत कडेने कापला. झिजलेल्या दोन चाकांची जोडी सोलापूरला जुन्या मालाच्या बाजारात मिळाली, दुसऱ्या एका मेलेल्या झेटरमधली, दात चांगले असलेली.

सगळा खर्च वहीत लिहिलेला आहे. तीन बेअरिंगं ४,२०० रुपये. चाकांची जोडी ५,५००. फोर्कचं काम १,२००. ऑईल सील, पॅकिंग, स्प्रिंग, गोळ्या मिळून १,१००. गिअर ऑईल ६,०००. मिस्त्रींची मजुरी चार दिवसांची ७,०००. एकूण पंचवीस हजार. तिघा भावांत वाटले तर प्रत्येकी आठ हजार तीनशे तेहेतीस. खरीप पेरून झाला, रब्बीची नांगरट झाली, तिसरा गिअर जागेवर आहे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, जुना ट्रॅक्टर ऐन वेळेला दगा देतो. देतो, पण बिघाड कळणारा माणूस गावात असला तर दोन दिवसांत उठतोही. नवा बिघडला आणि पुण्याहून लॅपटॉपवाला यायचा असला, तर वाफसा थांबत नाही त्याच्यासाठी. दुसरा, डिझेल जास्त खातो, धूर सोडतो. खरं आहे. ज्याला रोज भाड्याने ट्रॅक्टर मारायचा आहे, ज्याची चाळीस-पन्नास एकर आहे, त्याने नवाच घ्यावा. त्याला डिझेलातला फरक हप्ता फेडून देईल. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. यात मी अजिबात वाद घालत नाही. ब्रेक धरत नसेल, मागच्या फिरत्या शाफ्टवर झाकण नसेल, तर तो ट्रॅक्टर शेतात नेऊ नका, नवा असो की जुना. दुरुस्तीत पहिला पैसा ब्रेकला.

पण हे आक्षेप घेणारे एक गोष्ट कधी बोलत नाहीत. दुरुस्ती महाग कोणी केली? २०१७ साली जीएसटी आला. नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के कर लागला आणि गिअरबॉक्सच्या सुट्या भागांवर १८ टक्के. म्हणजे नवा घेणाऱ्याला कमी कर, आणि जुना जपणाऱ्याला जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीवर ५ टक्के झाला, बरं झालं. पण मधली आठ वर्षं हा उलटा न्याय चालला आणि एकाही सभेत त्याच्यावर कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. अनुदानाचंही तेच. यांत्रिकीकरणाच्या योजनेत नवीन ट्रॅक्टरला अनुदान आहे, रोटाव्हेटरला आहे, महाडीबीटीवर अर्ज करा, नंबर लागला तर मिळतं. मी त्याच्या विरोधात नाही. पण जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स बांधायला दहा हजार मागा बघू. त्याचा रकानाच नाही फॉर्मात.

मग अफवा. दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार म्हणून मोबाईलवर फिरत होतं. आमच्या गावात दोघांनी त्या भीतीने चांगले चालते ट्रॅक्टर मातीमोल विकले. शेवटी २०२३ साली केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला की असं काही नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी आधी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. अफवा कोणी उठवली ते मला माहीत नाही. तिचा फायदा कोणाला झाला, ते मात्र गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

पुढचं संकट याहून मोठं आहे. केंद्र सरकारने ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लावले. हवा स्वच्छ राहिली पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्याबरोबर इंजिनात सेन्सर आले, इलेक्ट्रॉनिक पेटी आली. दिवा लागतो आणि ट्रॅक्टरची ताकद कमी होते. दिवा का लागला, हे कळायला कंपनीचं यंत्र लागतं. म्हणजे ट्रॅक्टर माझा, कर्ज माझं, रान माझं, आणि दुखणं कंपनीच्या भाषेत. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी याच्यावर भांडण केलं. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला की शेतीयंत्राची दुरुस्ती करायला लागणारी माहिती, हत्यारं आणि सुटे भाग कंपनीने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला दिले पाहिजेत. आपल्याकडेही ग्राहक मंत्रालयाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेतीची यंत्रं धरली. डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. पोर्टल वाईट नाही. पण माझ्या मिस्त्रींना पोर्टलवरून पुलर मिळत नाही आणि सेन्सरची कुंडली मिळत नाही. त्याला कायदाच पाहिजे, आणि तो शेतकरी संघटनांनी मागितला पाहिजे. हमीभावासाठी आपण रस्त्यावर बसतो, बसायलाच पाहिजे. पण मिळालेला भाव हप्त्याच्या वाटेने परत जात असेल तर ती वाटही अडवायला नको का?

मागणं माझं फार नाही. कंपनीने एखादा ट्रॅक्टर काढायचा बंद केला तर पुढची वीस वर्षं त्याचे सुटे भाग तरी द्यावेत, नाहीतर त्यांची मापं आणि नकाशे उघडे करावेत, म्हणजे लुधियाना-राजकोटचा कारखानदार ते बनवील. नव्या ट्रॅक्टरच्या अनुदानातला थोडा हिस्सा जुन्याच्या दुरुस्तीला ठेवावा, आणि तोही पक्की पावती बघून. गावोगाव अवजारे बँका निघाल्या, त्यांच्याजवळ दुरुस्तीचं एक शेड आणि एक लेथ असावा, नाहीतर त्या बँकेतली अवजारंही पाच वर्षांत भंगारात जातील. आणि आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथं आमच्या मिस्त्रींसारख्या माणसाला आठवड्यातून एक दिवस तरी मानधन देऊन बोलवावं. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही, ही अडचण सरकारची आहे, मिस्त्रींची नाही.

कारण आमचे मिस्त्री आता पासष्टीला आले. त्यांचा मुलगा पुण्यात कुरिअरची गाडी चालवतो. हाताखाली पोरगं टिकत नाही. काळे हात घेऊन लग्न जमत नाही म्हणतात. चार दिवस आमच्या लिंबाखाली काम चाललं तेव्हा शेवटच्या दिवशी नवा ट्रॅक्टर मागणारा आमचा पुतण्याच ऑईलने माखून शाफ्टला शिम लावत होता. मिस्त्री त्याला म्हणाले, "अरे, तुझा हात बरा आहे." पोरगं लाजलं. त्याला बारावीला कमी मार्क पडले तेव्हापासून घरात कोणी त्याला बरं म्हटलेलं नव्हतं.

तेव्हा माझं सांगणं इतकंच आहे. नवा ट्रॅक्टर जरूर घ्या, पण ज्या माणसाने जुन्याचं झाकण उघडलेलं नाही त्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. आधी ऑईल काढा, बोटात चोळा, उन्हात धरा. मग हिशेबाची वही काढा. आणि त्यानंतर शोरूमवाल्याला म्हणा, आता बोल.